नायट्यावर झाडपाला लावताय? या चुका टाळा

पाऊस लागला की जांघेत, काखेत, नाडी बांधतो त्या जागी गोल चट्टे उठायला लागतात. कडा लालसर आणि उंच, मधला भाग थोडा निवळलेला, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. मग घरातलं कुणी टाकळ्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून लावायला सांगतं, कुणी कडुनिंबाचा पाला, कुणी करंजाचं तेल. या सल्ल्यांना हसू नये. या वनस्पतींमध्ये बुरशीला रोखणारी रसायनं खरोखरच आहेत. नुकसान होतं ते ती कशी, किती आणि कशावर वापरली जातात त्यामुळे.

खाज थांबली की नायटा गेला असं समजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. ऑस्ट्रेलियात 1992 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पायाच्या बुरशीच्या 104 रुग्णांपैकी काहींना टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतल्या तेलाचं 10 टक्क्यांचं मलम दिलं, काहींना टॉलनाफ्टेट हे नेहमीचं औषध आणि उरलेल्यांना नुसतंच मलम. टी ट्री लावणाऱ्यांची आग, खाज, सालपटं चांगली कमी झाली. पण उपचार संपल्यावर कातडीचे नमुने वाढवून पाहिले, तेव्हा बुरशी गेलेले रुग्ण टॉलनाफ्टेटच्या गटात 85 टक्के होते, टी ट्रीच्या गटात 30 टक्के आणि नुसत्या मलमाच्या गटात 21 टक्के. म्हणजे बहुतेकांना बरं वाटत होतं आणि बुरशी मात्र कातडीत तशीच बसून होती.

दहा वर्षांनी त्याच देशात 25 आणि 50 टक्क्यांची तीव्र द्रावणं वापरून पाहिली. 50 टक्क्यांच्या गटात बुरशी गेलेले 64 टक्के निघाले, नुसतं द्रावण लावलेल्यांत 31 टक्के. फायदा नक्की होता, पण तेल लावणाऱ्या काही जणांच्या कातडीचा चांगलाच दाह झाला. वनस्पती तीच, तेल तेच. तीव्रता बदलली आणि निकाल बदलला. घरी पाला वाटताना ही तीव्रता आपल्या हातात नसते. पान कोवळं की जून, बी ताजं की वर्षभराचं, यावर सगळं ठरतं.

डॉक्टरांनी दिलेल्या मलमालाही हाच नियम लागू आहे. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक जण खाज थांबली की ट्यूब कपाटात ठेवून देतात.

पाला थकला की दुकानातली 'झटपट' ट्यूब

पाल्यानं जमलं नाही की पुढची पायरी ठरलेली असते: मेडिकलमध्ये जाऊन 'नायट्यासाठी काहीतरी द्या'. मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती इथे. अशा कितीतरी मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असतं. ही स्टेरॉइडं. ती दोन दिवसांत खाज आणि लाली दाबून टाकतात, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखं वाटतं. खरं तर ती कातडीची प्रतिकारशक्ती दाबत असतात आणि त्या आडोशाला बुरशी निवांत पसरते. चट्ट्याचा गोल आकार मोडतो, कातडी पातळ होते, जांघेत पांढरे-गुलाबी ओरखडे उमटतात आणि मग अनुभवी डोळ्यालाही रोग पटकन ओळखता येत नाही. लावलं की दबतो आणि थांबवलं की भडकतो असा नायटा दिसला, तर ट्यूबवरचे घटक वाचून पाहा.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या डबीलाही हीच शंका लावा. वनौषधी म्हणून विकलेल्या मलमांत लपवून स्टेरॉइड घातल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत आढळलं आहे. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी घेऊ नये.

आता नायटा पूर्वीसारखा साधाही राहिलेला नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालेली बुरशी 2020 मध्ये वेगळी ओळखली गेली. भारतात ती फार पसरली आहे आणि तिच्या बऱ्याच नमुन्यांवर टर्बिनाफाइन हे भरवशाचं औषध चालत नाही. अशा बुरशीवर पाल्याचे प्रयोग करत महिने घालवले की तोवर ती टॉवेल, अंथरूण आणि कपड्यांतून घरातल्या इतरांपर्यंत पोचलेली असते.

प्रत्येक चट्टा नायटा धरणं

इसब, सोरायसिस, खरूज, शिबं हे सगळे वेगवेगळे रोग आहेत. शिबं हीही बुरशीच, पण वेगळ्या जातीची. तिच्या फिकट डागांना कोड समजून बावचीचं तेल लावलं आणि उन्हात गेलं, तर फोड येतात, कारण बावचीतलं सोरॅलेन उन्हामुळेच जागं होतं.

जळतंय म्हणजे काम करतंय असं मानणं

रुईचा चीक, बिब्बा, कच्च्या लसणाचा ठेचा. हे तिन्ही नायट्यावर लावले जातात आणि तिन्हींनी कातडी भाजते. रुईचा चीक हाताला राहून डोळ्यात गेला तर डोळ्याचा पारदर्शक पडदा सुजतो. बिब्ब्याच्या तेलाचे फोड चट्ट्यापुरते थांबत नाहीत.

लसणाचं उदाहरण फार शिकवणारं आहे. त्यातलं अजोईन हे द्रव्य वेगळं काढून, एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात मलमात घालून व्हेनेझुएलात 1990 च्या दशकात पायाच्या बुरशीवर वापरलं गेलं आणि परिणाम उत्साहवर्धक होते. पण ठेचलेली पाकळी पट्टीखाली बांधून रात्रभर ठेवणं ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात जळजळ करणारी इतर गंधकयुक्त द्रव्यं भरपूर असतात.

याची एक जुनी गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची आहे. 19 व्या शतकात 'गोवा पावडर' नावाची पिवळट-तपकिरी भुकटी नायट्यावर नावाजलेली होती. प्रत्यक्षात ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातून निघायची आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात यायची. तिच्यातल्या क्रायसारोबिनमुळे नायटा खरोखर हटत असे. पण कातडी भाजायची, कपड्यांना न निघणारे डाग पडायचे आणि डोळे आले तर विचारू नका. 1870 च्या दशकात लंडनच्या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरली. पुढे 1916 च्या सुमारास तिच्याच धर्तीवर डिथ्रानॉल हे औषध प्रयोगशाळेत तयार झालं. सोरायसिसवर ते आजही मोजून-मापून दिलं जातं. आपल्या टाकळ्याच्या बियांतही याच रासायनिक कुळातली द्रव्यं आहेत, म्हणून मी टाकळ्याला टाकाऊ म्हणत नाही. पण झाडापासून औषधापर्यंत पोचायला द्रव्य वेगळं करणं, मात्रा ठरवणं आणि कुठे लावू नये हे शोधणं, हे सगळं लागलं.

'प्रयोगशाळेत बुरशी मेली' ही बातमी जशीच्या तशी घेणं

हळद, ओवा, लवंग, दालचिनी यांच्या अर्कानं बशीतली बुरशी मरते, अशा बातम्या सतत येतात. त्या खोट्या नसतात. पण साध्या नायट्याच्या बुरशीला रोखायला टर्बिनाफाइनचा मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमचा शंभरावा भागही अनेकदा पुरतो, तर पाल्याच्या अर्कांना बहुधा शेकडो, कधी हजारो मायक्रोग्रॅम लागतात. तेवढी मात्रा रक्तात पोचवणं अशक्यप्राय असतं, आणि पोचली तरी आपल्या पेशी वाचतील याची खात्री नसते. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच जुळते. मोठा फरक म्हणजे तिच्या आवरणात कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं, आणि चांगली औषधं नेमका तोच फरक धरतात. काही सॅपोनिनं, म्हणजे वनस्पतींतली साबणासारखी फेसाळणारी द्रव्यं, मात्र बुरशीसोबत तांबड्या रक्तपेशीही फोडतात. हळदीतल्या कर्क्युमिनची तर वेगळीच अडचण आहे: ते पोटातून फारच थोडं शोषलं जातं आणि चाचण्यांमध्ये फसवे निकालही देतं.

म्हणूनच बुरशीवर पोटातून किंवा शिरेतून सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांत वनस्पतीतून आलेलं एकही नाही. निस्टॅटिन, अँफोटेरिसिन मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून आली, ग्रिसिओफुल्विन एका बुरशीपासूनच. पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांना हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं तेही मातीतल्या जीवाणूत. वनस्पतींकडून मला आशा वाटते ती जोडीदार म्हणून. दारुहळदीतलं बर्बेरिन फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या औषधासोबत दिलं की त्या औषधाला दाद न देणारी कँडिडा ही बुरशी प्रयोगशाळेत पुन्हा रोखली जाते. माणसांवर हे सिद्ध व्हायचं आहे.

नख आणि नाक

बुरशी नखात शिरली तर घरगुती तेलावर विसंबू नका. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. वरून चोळलेलं तेल नखाच्या तळाशी पोचत नाही.

आणि 2021 मध्ये काळ्या बुरशीवर तुरटी, हळद आणि मोहरीच्या तेलाचा उपाय मोबाइलवर फिरत होता. मधुमेही माणसाच्या गालात दुखणं, नाकातून काळसर स्राव, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही दिसलं तर एक तासही घरी घालवू नका. त्याला अँफोटेरिसिन आणि शस्त्रक्रिया लागते.

साध्या चट्ट्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आधी काही दिवस त्यावर पाला, तेल, मलम काहीही लावू नका. चट्ट्याच्या कडेचं खरवडून घेतलेलं सालपट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि बुरशीचे धागे असतील तर ते बहुधा तिथेच दिसतात. काय काय लावलं होतं ते डॉक्टरांना न लाजता सांगा, ट्यूब आणि डब्या सोबत घेऊन जा.