आधी तांदूळ, मग लेक

गुहागरात खालचा पाट या आमच्या वस्तीतून लेकीला अंगणवाडीत सोडायला मी सायकलमागे ट्रेलर जोडतो, मूल बसवायची दोन चाकांची, कापडी छताची छोटी गाडी. ती नुकतीच तीन वर्षांची झाली. तिला त्यात बसवण्याआधी आठ दिवस तिच्या जागी पंधरा किलो तांदळाचं पोतं नेलं, तिचेच पट्टे आवळून. तुम्हीही तसंच करा, अगदी हात जोडून सांगतो.

कारण तिसऱ्याच दिवशी ते पोतं उलटलं. डावीकडे बोळात वळताना माझी सायकल गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, हातभर लांब होती. पण ट्रेलर सायकलच्या वाटेने येत नाही, तो वळणाच्या आतून वाट कापतो. त्याचं आतलं चाक सुटलेल्या चिऱ्यावर चढलं. मी वेगात होतो. सायकल उभीच राहिली, ट्रेलर मात्र आडवा. पट्ट्यात लटकलेलं ते पोतं पाहून पोटात खड्डा पडला. तेव्हापासून वळणाच्या आधीच ब्रेक लावून माणसाच्या चालीवर येतो आणि वळण ऐसपैस घेतो. वळता वळता ब्रेक दाबू नका, मागचं वजन सायकलला ढकलतं. गतिरोधकावरही ट्रेलरची दोन्ही चाकं एकदम चढतील असं सरळ जायचं.

जोडणीत घाई नको. ट्रेलरचा दांडा मागच्या चाकाच्या आसाला डाव्या बाजूने जोडतात, कारण उजवीकडे चेन असते. आपल्या सायकलींचा स्टँड तिथेच आड येतो, तो काढावा लागला तर काढा. नट पान्याने पक्का आवळा. पिन आरपार घाला आणि तिची क्लिप बसली का ते बोटाने चाचपा, नुसतं बघू नका. मग सुरक्षेचा पट्टा फ्रेमला वेढा देऊन अडकवा. पिन निसटली तर ट्रेलरला धरून ठेवणारा तोच. शेवटी दांड्याला जोरात हिसका द्या. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने पिन बघता बघता तांबूस होते. मी ती दर रविवारी पुसून ग्रीस लावतो, गंजाने खड्डे पडले की बदलतो. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, आलो तर चाकं गोड्या पाण्याने धुतो.

वर्षाच्या आतलं मूल ट्रेलरमध्ये बसवूच नका. पुढेही ते स्वतः ताठ बसतं का, हेल्मेटचं वजन मानेला पेलतं का, हे पाहा. पट्टे खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून आले पाहिजेत. हेल्मेटने मान पुढे ढकलली जात असेल तर पाठीमागे पातळ उशी द्या. पुढची जाळी बंदच ठेवा, सायकलचं चाक खडे उडवतं. प्लास्टिकचा पडदा मात्र कोरड्या दिवशी गुंडाळून ठेवा, ऑक्टोबरच्या उकाड्यात आत जीव घुसमटतो. ट्रेलरच्या मागच्या टोकाला जड पिशवी टांगू नका, दांडा वर उचलला जातो आणि सायकलचं मागचं चाक हलकं पडतं.

पाटातला रस्ता सपाट पण अरुंद. ट्रेलर गाडीच्या बॉनेटच्याही खाली राहतो, म्हणून उंच काठीवर नारिंगी झेंडा आणि मागे लाल दिवा, दिवसासुद्धा. मागून एसटी आली की मी उतरून कडेला थांबतो. थांबायचं ते माडाखाली नाही. झाप किंवा नारळ पडला तर ते कापडी छत काय अडवणार? शृंगारतळीकडच्या चढणीला, पावसाळ्यात किंवा तिन्हीसांजेनंतर मी ट्रेलर काढत नाही.

मध्येमध्ये विचारतो, "काय दिसतंय गं?" उत्तर आलं नाही की थांबतो. बहुतेकदा ती झोपलेली असते, मान कलंडलेली. मग पंचाची गुंडाळी मानेच्या बाजूला लावतो, पट्टे पुन्हा चाचपतो आणि निघतो.