समुद्रपृष्ठाचे तापमान एका ग्रिडवरून दुसऱ्या ग्रिडवर कसे न्यावे: सीडीओ इन्स्टॉल करण्यापासून पडताळणीपर्यंत

निरीक्षणांची फाइल पाव अंशाच्या ग्रिडवर (अक्षांश-रेखांशांच्या चौकोनांच्या जाळीवर) आणि हवामान मॉडेलची एक अंशाच्या, अशा वेळी दोन्हींची थेट वजाबाकी होत नाही. आधी दोन्ही एकाच ग्रिडवर आणावी लागतात. त्यासाठी हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचे सीडीओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पद्धत कुठलीही निवडा, आकडे येतात आणि नकाशाही सुबक दिसतो. गडबड होते ती किनाऱ्यावर, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

उदाहरण अरबी समुद्राचे घेऊ. अमेरिकेच्या नोआ या हवामान व सागर संस्थेचा ओआयएसएसटी हा समुद्रपृष्ठाच्या दैनिक तापमानाचा संच सप्टेंबर १९८१ पासून उपलब्ध आहे. तो १४४० गुणिले ७२० चौकोनांचा आहे. तो एक अंशावर आणायचा आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या आणि त्यातले अंक रोमन लिपीत टाइप करावेत.

इन्स्टॉल करणे

विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच उबुंटू लिनक्स चालवण्याची सोय) चालू करावे: पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल', मग रीस्टार्ट. उबुंटूवर 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडीओ' एवढे पुरते. मॅकवर 'ब्रू इन्स्टॉल सीडीओ'. जुन्या उबुंटूवर आवृत्तीही जुनीच मिळते. तिथे कॉन्डा या पॅकेज-व्यवस्थापकाच्या कॉन्डा-फोर्ज चॅनेलवरून घ्यावे, पण त्याच्या मूळ 'बेस' जागेत न टाकता वेगळे एन्व्हायर्नमेंट करून. नंतर 'सीडीओ -व्ही' (कॅपिटल व्ही) द्यावे. उत्तरात एनसी४ (म्हणजे नेटसीडीएफ४ हा फाइल-प्रकार) दिसायलाच हवे. नसेल तर ओआयएसएसटीच्या फाइल्स उघडणार नाहीत.

आधी फाइल पाहा

रोजच्या फाइल्स 'मर्जटाइम'ने जोडाव्यात आणि 'सेलनेम,एसएसटी'ने फक्त तापमान वेगळे काढावे. या फाइलमध्ये बर्फाचेही एक चल असते आणि त्याचे रिकामे (आकडा नसलेले) चौकोन तापमानापेक्षा वेगळे असतात. दोन्ही एकत्र नेण्यात अर्थ नाही. मग 'सीडीओ ग्रिडडेस एसएसटी.एनसी' चालवावे. रेखांश ०.१२५ पासून आणि अक्षांश उणे ८९.८७५ पासून सुरू होताना दिसले पाहिजेत. प्रकार 'जेनेरिक' आला, तर सीडीओला अक्षांश-रेखांश सापडलेले नाहीत. तेव्हा पुढे जाऊ नये. आधी 'सेटग्रिड'ने योग्य ग्रिड द्यावी.

सीमिप६ (हवामान मॉडेल्सच्या तुलनेचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प) मधल्या मॉडेलची फाइल असेल तर नावातली खूण वाचावी. 'जीएन' म्हणजे मॉडेलची मूळ ग्रिड, 'जीआर' म्हणजे कुणीतरी आधीच बदललेली. 'जीआर'वर पुन्हा इंटरपोलेशन (आकडे दुसऱ्या ग्रिडवर नेणे) केले की आकडे दुसऱ्यांदा सपाट होतात.

हवी ती ग्रिड लिहून घेणे

'आर३६०एक्स१८०' हा तयार पर्याय सोपा वाटतो, पण त्यात पहिला बिंदू रेखांश ० वर असतो. तुमच्या दुसऱ्या फाइलचे केंद्र ०.५ वर असेल तर दोन्ही फाइल्स पूर्व-पश्चिम अर्धा अंश सरकलेल्या राहतात, कोकणच्या अक्षांशावर सुमारे ५३ किलोमीटर. म्हणून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ग्रिड स्वतः लिहावी:

ग्रिडटाइप = लॉनलॅट
एक्ससाइझ = २८
वायसाइझ = २५
एक्सफर्स्ट = ५०.५
एक्सइंक = १
वायफर्स्ट = ०.५
वायइंक = १

ही रेखांश ५० ते ७८ आणि अक्षांश ० ते २५ अशी पट्टी झाली. फाइलला 'अरबी.टीएक्सटी' असे नाव दिले असे धरू.

पद्धत निवडणे

बारीक ग्रिडवरून जाड्या ग्रिडवर जाताना 'रीमॅपकॉन' वापरावे. एका अंशाच्या चौकोनात पाव अंशाचे १६ चौकोन बसतात. 'रीमॅपबिल' त्यातले केंद्राभोवतीचे ४ घेते आणि १२ सोडून देते. 'रीमॅपकॉन' सोळाही क्षेत्रफळाच्या प्रमाणात मोजते. उलट, जाड्यावरून बारीकवर तापमानासारखे सलग बदलणारे चल न्यायचे असेल तर 'रीमॅपबिल' चांगले. त्याने नकाशा गुळगुळीत होतो, माहिती वाढत नाही. पाऊस कधीही 'रीमॅपबिक'ने (वक्र बसवणाऱ्या बायक्यूबिक पद्धतीने) नेऊ नये, उणे पाऊस निघतो. पुण्याच्या हवामान विभागाचा पाव अंशाचा पाऊस एक अंशावर आणायचा तर 'रीमॅपकॉन'च.

सीडीओ रीमॅपकॉन,अरबी.टीएक्सटी -सेललॉनलॅटबॉक्स,४७,८१,-३,२८ एसएसटी.एनसी एकअंश.एनसी

साखळी उजवीकडून डावीकडे चालते. आधी कापणी, मग इंटरपोलेशन. कापताना चारी बाजूंना तीन अंश जास्त ठेवले आहेत, म्हणजे कडेचे चौकोन अर्धवट भरत नाहीत.

किनारा

रेखांश ७३ ते ७४, अक्षांश १७ ते १८ हा चौकोन घ्या. त्याचे केंद्र चिपळूणजवळ, जमिनीवर पडते. समुद्र आहे तो फक्त पश्चिम कडेला, गुहागरच्या बाजूची चिंचोळी पट्टी. 'रीमॅपबिल' केले तर केंद्राभोवतीचे चारही बिंदू जमिनीवर, म्हणून हा चौकोन रिकामा. 'रीमॅपकॉन'ने मात्र तो भरतो, कारण त्या पट्टीची सरासरी पूर्ण चौकोनाच्या नावे लागते. नकाशात मग सह्याद्रीपर्यंत समुद्र दिसतो.

यावर उपाय आहे. आज्ञेआधी 'एक्सपोर्ट रीमॅप_एरिया_मिन=०.५' द्यावे (चलाचे नाव कॅपिटल अक्षरांत). निम्म्याहून कमी समुद्र असलेले चौकोन मग रिकामे राहतात. मूळ किंमत ० आहे, म्हणजे कणभर समुद्रही चालतो. मॉडेलचा स्वतःचा भू-सागर मुखवटा (कुठला चौकोन जमीन, कुठला समुद्र हे सांगणारी फाइल) हाताशी असेल तर त्याहून बरे: 'सेटमिसटूएनएन'ने जमीन जवळच्या समुद्राच्या किमतीने भरावी, इंटरपोलेशन करावे आणि शेवटी 'इफदेन'ने मॉडेलचा मुखवटा लावावा. नुसते भरून सोडू नये, नाहीतर नागपूरलाही समुद्राचे तापमान मिळते.

मॉडेलच्या वाकड्या ग्रिडवर

अनेक महासागर मॉडेल्सची ग्रिड उत्तरेकडे वळलेली असते. तिथे 'रीमॅपकॉन'ला चौकोनांचे कोपरे लागतात. फाइलमध्ये ते नसतील तर सीडीओ कोपरे नाहीत म्हणून थांबते. तेव्हा कोपरे असलेली मूळ फाइल शोधावी, नाइलाज असेल तर 'रीमॅपडिस' (जवळच्या बिंदूंची अंतरानुसार सरासरी). प्रवाहाचे दोन घटक अशा ग्रिडच्या दिशेने मोजलेले असतात. ते आधी पूर्व-उत्तर दिशांना फिरवावेत, मग न्यावेत. अंशातली वाऱ्याची दिशा तर थेट नेऊच नये. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो.

वेळ वाचवणे आणि तपासणे

फाइल्स भरपूर असतील तर 'जेनकॉन'ने वजने (कुठल्या जुन्या चौकोनाचा नव्यात किती वाटा, ते आकडे) एकदाच काढून ठेवावीत आणि पुढे 'रीमॅप'ला ग्रिड व वजनांची फाइल द्यावी. मात्र रिकाम्या चौकोनांची मांडणी बदलली की जुनी वजने चालत नाहीत: खोलीनुसार समुद्राचा तळ वर येतो, त्यामुळे पृष्ठभागाची वजने ५०० मीटरवर लावू नयेत.

शेवटी 'इन्फॉन'ने आधीच्या आणि नंतरच्या फाइलचे किमान, कमाल व रिकाम्या चौकोनांची संख्या पाहावी. 'रीमॅपकॉन' किंवा 'रीमॅपबिल'नंतर कमाल मूळ फाइलपेक्षा जास्त आली तर रिकाम्या जागेची खूण खरा आकडा म्हणून मोजली गेली आहे. ती 'सेटसीटूमिस'ने दुरुस्त करून पुन्हा चालवावे. मग 'फील्डमीन'ने किनाऱ्यापासून दूरच्या एकाच समुद्री चौकटीची सरासरी दोन्ही फाइल्सवर काढावी. तिथे फरक अंशाच्या दहाव्या भागाहून मोठा निघाला तर ग्रिडची सुरुवात चुकली आहे का, हे आधी पाहावे.