अमायलेज आणि पीएच: आयोडीनच्या रंगावर किती विसंबायचं?

लाळेतल्या अमायलेजवर, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमवर, पीएचचा (आम्ल-अल्कलीच्या प्रमाणाचा) परिणाम पाहणं हे बीएससीच्या सुरुवातीचं नेहमीचं प्रॅक्टिकल. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं: 6.8 च्या आसपास वेग सर्वाधिक. म्हणून आलेख वेडावाकडा आला की जर्नलमध्ये आकडे बसवले जातात. खरं तर तो का बिघडला हे शोधायला फारसा वेळ लागत नाही.

स्टार्च 1 टक्का घ्या. पावडर आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ढवळत ओता. थेट गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. द्रावण त्याच दिवशी करा, शिळ्या द्रावणात साका बसतो. तोंड खळखळून धुऊन मग लाळ गोळा करा आणि 1 मिलीला 19 मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. या एन्झाइमला क्लोराइड लागतं आणि विरळ केल्यावर ते कमी पडतं, म्हणून मीठ विसरू नका.

प्रत्येक परीक्षानळीत 2 मिली स्टार्च, 2 मिली बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि 1 टक्का मिठाचं 1 मिली पाणी. पीएच 4 ते 7.6 पर्यंत सायट्रेट-फॉस्फेट बफर चालतो, 9 साठी ग्लायसीन-सोडियम हायड्रॉक्साइड. नळ्या आणि लाळ दोन्ही 37 अंशांवर 5 मिनिटं ठेवा, मग 1 मिली लाळ घालून घड्याळ सुरू करा. दर 30 सेकंदांनी एक थेंब टाइलवरच्या आयोडीनमध्ये. स्टार्चमुळे आयोडीन निळं होतं; स्टार्च तुटत जाईल तसा रंग निळा, जांभळा, तांबूस आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळा. 6.8 ला पहिल्याच थेंबात पिवळा आला तर लाळ आणखी विरळ करा, नाहीतर 6 आणि 7.6 मधला फरक दिसणारच नाही. तिथे 3 ते 5 मिनिटं लागली की बेत जमला.

सगळ्यात जास्त फसवतं ते आयोडीन. पीएच 9 ला नळीत स्टार्च तसाच असतो, तरी निळा रंग येईलच असं नाही, कारण अल्कलीत आयोडीनच संपतं. विद्यार्थी लिहितो, ‘9 ला सर्वाधिक वेग’! म्हणून प्रत्येक पीएचची एक नळी लाळेशिवाय ठेवाच. लाळेऐवजी 1 मिली पाणी. तिचा थेंब शेवटपर्यंत निळाच यायला हवा. न आल्यास टाइलवरच्या आयोडीनमध्ये आधी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. गरम नमुन्यातही निळा रंग फिका पडतो, तेव्हा तापमानाचा प्रयोग करताना थेंब गार होऊ द्या.

आलेखात वेळ नको, 1 भागिले वेळ मांडा. 20 मिनिटांतही पिवळा न आलेल्या नळीसमोर ‘20 मिनिटांत नाही’ असंच लिहा, शून्य नको.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात: आम्लात एन्झाइम कायमचं मोडलं की नुसतं थंडावलं? लाळ 3 पीएचच्या बफरमध्ये 10 मिनिटं ठेवा, पीएच परत 6.8 वर आणा आणि स्टार्च द्या. शेजारी तितकीच विरळ केलेली, पण 6.8 वरच राहिलेली लाळ हवी. दोघींच्या वेळा सारख्या आल्या तर फक्त एन्झाइमवरचा विद्युतभार बदलला होता. पहिली निळीच राहिली तर एन्झाइमची रचना उलगडली, म्हणजे ते कायमचं मोडलं.