उंटवाडी पूल ते पुढचं वळण

आमचे हे गेले, त्या वर्षी मला रविवार खायला उठायचा. मुलगा पुण्याला, माझी नोकरी संपलेली आणि गॅलरीतून समोर नाशिकची नासर्डी नदी. ह्यांचं बालपण याच नदीत पोहण्यात गेलं होतं. शेवटच्या आजारपणात मात्र ते संध्याकाळी खिडकी लावून घ्यायला सांगत, वास सहन होत नसे. ते गेल्यावर ती खिडकी मी उघडली आणि पुढच्या रविवारी खाली उतरले. त्याला आता सहा वर्षं झाली. ‘काकू, आम्हालाही नदीसाठी काही करायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं खूपजण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी नदीचा तुकडा निवडा, आणि तो लहान निवडा. ‘गोदावरी वाचवायची’ असं मनाशी धरलंत तर महिन्याभरात हातपाय गळतील. माझा तुकडा उंटवाडीच्या पुलापासून पुढच्या वळणापर्यंतचा, जेमतेम दोनशे पावलांचा, आणि तोही एकच काठ. नदीचं जुनं नाव नंदिनी. सातपूरकडून कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या मधून येऊन ती टाकळीला गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी १२ वर्षं जप केला असं परंपरा सांगते, तो याच संगमावर. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. ज्याला ती ‘नाला’ म्हणतात, त्याला नाव आहे हे कळलं की त्यांची नजर बदलते.

पहिले चार रविवार कशालाही हात लावू नका. फक्त चाला आणि वहीत लिहा. साधी शंभर पानी वही पुरते. वास कुठून सुरू होतो, निर्माल्याच्या पिशव्या पुलाच्या कोणत्या बाजूला पडतात, कोणत्या पाइपातून किती वाजता पाणी येतं. एक गोष्ट नीट बघा: पावसाळी गटार एप्रिलमध्ये कोरडं असायला हवं. ते भर उन्हाळ्यात वाहत असेल, तर त्यात कुणाचं तरी सांडपाणी सोडलेलं आहे. आमच्या काठावरचा असा पाइप मला तिसऱ्या रविवारी दिसला, सकाळी साडेसातला. फेसाळ पाणी, कपडे धुण्याच्या पावडरीचा वास. तारीख आणि वेळ घातलेल्या अशा नोंदीच पुढे उपयोगी पडल्या.

दिवस आणि वेळ ठरवा, ती बदलू नका. आम्ही रविवारी सात ते साडेआठ काम करतो. दीड तासाच्या वर कुणाला थांबवत नाही, कारण दमून घरी गेलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही. पहिले पाच रविवार मी एकटीच होते. सहाव्याला समोरच्या इमारतीतला नववीतला मुलगा आला. हातातला मोबाइल सुटावा म्हणून आईनं पाठवला होता. आज वही तोच लिहितो.

सामान फार लागत नाही: जाड रबरी हातमोजे, गमबूट, लोखंडी पंजा, दोन घमेली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. पायाला किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका. काठावर उंदीर असतात, त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. गोण्या काठावर सोडून जाऊ नका, घंटागाडीवाल्या दादांशी आधीच बोलून जागा आणि वेळ ठरवा. आणि काम झालं की सगळ्यांनी मिळून मिसळ खा. हे मी मनापासून सांगते. माणसं पहिल्यांदा कचऱ्यासाठी येतात, पण दुसऱ्यांदा एकमेकांसाठी येतात. गेल्या सहा वर्षांत माझं एकटेपण जे कमी झालं, ते त्या मिसळीच्या टेबलावर झालं.

टाकणाऱ्याशी कसं बोलायचं, हे मी चुकतमाकत शिकले. सुरुवातीला ओरडायचे. माणसं रात्री येऊन टाकायला लागली. मग एका सकाळी एक ताई स्कूटरवरून आल्या, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. मी पुढे होऊन म्हटलं, ‘ताई, द्या माझ्याकडे, फुलांचं खत करते.’ त्या घुटमळल्या. म्हणाल्या, ‘देवाचं आहे हो, पायदळी नको यायला.’ मी त्यांच्यासमोरच पिशवी सोडली. झेंडूचे हार, दुर्वा, अगरबत्तीचा पुडा, तडकलेल्या काचेची गणपतीची तसबीर. हारांचे नायलॉनचे दोरे कापून बाजूला काढले, फुलं टोपलीत घातली, तसबिरीची काच, लाकूड आणि कागद वेगवेगळे केले. गणपतीचा कागद मी कपाळाला लावून जपून ठेवला, ते त्यांनी पाहिलं. ‘त्याचं काय करता?’ ‘भिजवून लगदा करते, झाडाच्या मुळाशी घालते.’ पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा दोरे घरीच काढून आणले होते. त्या ताईंच्या मनात नदीबद्दल वाईट काही नव्हतं. देवाचं कुठं ठेवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. समोरच्याचा प्रश्न कळला की भांडण उरत नाही.

आता कागद. तक्रार तोंडी करू नका. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत वहीतल्या नोंदी आणि फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज हरवला म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा माझ्याकडे पोच नव्हती. दुसऱ्या वेळी होती. तरीही हालचाल झाली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाइप बंद का करत नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नाही. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्या’ असं मागा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. आमचा पाइप सांडपाण्याच्या वाहिनीला जोडायला अकरा महिने लागले. ज्या सकाळी तो कोरडा दिसला, त्या सकाळी मी ह्यांच्या फोटोसमोर बसून ती नोंद मोठ्यानं वाचली.

झाडांच्या बाबतीत माझी चूक करू नका. पहिल्या जुलैत आम्ही चाळीस रोपं लावली, फोटो काढले, पेढे वाटले. मार्चपर्यंत एकतीस वाळली, कारण उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. आता आम्ही वर्षाला नऊच रोपं लावतो, प्रत्येक रोप एका घराच्या नावावर. काठाला उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन लावा, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. आणि काठावरचं लव्हाळं ‘गवत’ म्हणून उपटू नका.

मन खचतं, ते धरूनच चाला. एका पुरानं वर्षाचं काम वाहून जातं, पुलाखालच्या फांद्यांवर पुन्हा प्लास्टिकच्या चिंध्या लोंबतात. अशा वेळी मी मुलांना दोन ठिकाणी नेते. एक, काळाराम मंदिर. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी २ मार्च १९३० ला तिथं सत्याग्रह सुरू केला आणि माणसं वर्षानुवर्षं त्या बंद दारापाशी येत राहिली. आमची तुलना त्यांच्याशी नाही, तो लढा माणूसपणाचा होता. पण दार उघडत नसतानाही पुन्हा येणं म्हणजे काय, हे नाशिकच्या मुलांना तिथं उभं राहूनच कळावं असं मला वाटतं. दुसरं ठिकाण निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं पाणी माणसानं अडवलं, गाळ साचला आणि पक्षी आले. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. जानेवारीत पहाटे तिथं जा. आपल्याच गोदावरीवर हे आहे, हे डोळ्यांनी बघून या.

पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही. वर पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. त्या महिन्यांत आम्ही रविवारी माझ्या गॅलरीत बसतो. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळांच्या बिया धुऊन लगेच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरायच्या, वाळू दिल्या तर उगवत नाहीत. पिशवीला खाली चार भोकं, माती आणि त्या निर्माल्याचं खत निम्मं निम्मं. यंदा सतरा उगवली आहेत. नऊ आम्हाला पुरतात, आठ द्यायची आहेत. ज्यांनी आपला तुकडा ठरवलाय, त्यांनी रविवारी साडेआठनंतर येऊन घेऊन जावीत. येताना वही आणा.