नाशिकहून खारफुटीच्या संशोधनाकडे

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करणारी नाशिकची मुलं मला विचारतात, "ताई, आपल्याकडे समुद्रच नाही, मग खारफुटीवर पीएचडी कशी करायची?" मी त्यांना गोदावरीकडे बोट दाखवते. गंगापूर धरणात बसणारा गाळ खरं तर आंध्रात, काकिनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत जायचा. वाटेतल्या धरणांनी तो अडवला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा जागोजागी झिजू लागला. समुद्र चढतो तेव्हा खारफुटी गाळ धरून आपली जमीन उंच करत राहते. २००६ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी वर्षाला सरासरी ३.७ मिमी वाढली. हा वेग ६-७ मिमीवर गेला तर खारफुटीचा टिकाव लागणं कठीण, असं २०२०च्या एका अभ्यासाने मांडलंय. हवामानबदलाचा इतका मोठा प्रश्न आपल्या नदीच्या उगमापासूनच सुरू होतो, तो आपण नाही घ्यायचा तर कोणी?

हात बसवायला नांदूरमध्यमेश्वर आहेच. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. पाणी गोडं, झाडं वेगळी. पण चौकट टाकून रोपं मोजणं, मातीचे नमुने घेणं, आर ही संगणकीय भाषा वापरून आकडेमोड करणं तेच. मुलाखतीत हे केलेलं काम मार्कांपेक्षा जास्त बोलतं, असं माझं ठाम मत आहे.

किनाऱ्यावर मात्र घड्याळ भरती-ओहोटीचं. ओहोटीच्या मोजक्या तासांत गुडघाभर चिखलात एक चौरस मीटरची चौकट ठेवायची आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं एकेक करून मोजायची. चिखलात खड्डा केला की पाणी झिरपतं. त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून क्षारता वाचायची. तिवराच्या पानाला जीभ लावून बघाच. झाडाने बाहेर टाकलेलं मीठ लागतं. गाळात साठलेला कार्बन मोजायचा तर नळीने मीटरभर खोल गाळ काढून त्याचे थर वेगळे करायचे.

पैशांचं म्हणाल तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गेट या प्रवेशपरीक्षेतही इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा पेपर असतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईचं एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ही नावं आधी चाळा. प्रकल्पांवरच्या तात्पुरत्या जागांच्या जाहिरातीही बघत जा, कारण कित्येकांना पहिला चिखल तिथेच लागतो. गाइडला मेल करताना बायोडेटा लांबवू नका. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातला पुढचा प्रश्न चार ओळींत विचारा.

आणखी एक. खारफुटीतून नमुने उचलायला वनविभागाची परवानगी लागते आणि तो कागद हलायला वेळ जातो. प्रवेश पक्का झाला की लगेच अर्जाचं बघा. आपल्या किनाऱ्यावर तिवराची फळं पावसाळ्यात पडतात. तो हंगाम हुकला की रोपांच्या रुजण्याचा अभ्यास वर्षभर लांबतो.