माडाचा गाभा लेथवर चढवू नका

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, साग, आंबा, शिसव यांचे दहा-वीस वाडगे ज्यांनी काढलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माड, ताड, खजूर यांच्या खोडाकडे वळण्याआधी एक समज डोक्यातून काढून टाका : गाभा पक्का, कड कच्ची. सागाला ते लागू आहे. माडाचं नेमकं उलट.

वादळात पडलेल्या माडाचं खोड मी आणलं, सवयीने कड तासून टाकली आणि मधला ठोकळा जपून सुकवला. लेथवर चढवला तर छिन्नीखाली ओला भुसा पिंजल्यासारखं व्हायला लागलं. तळ नखाने उकरता येत होता. माझाच हात कच्चा, असं समजून महिनाभर झुरत होतो. शिकवणाऱ्यानेही तेच सांगितलं होतं. त्याने स्वतः माड कधी कातलाच नव्हता.

माडाला वर्षाची वर्तुळं नसतात. खोडात उभे, कडक दोरे असतात, ते सालीलगत दाट आणि मध्ये विरळ. कडेला घनमीटरमागे 600 किलोच्या वर भरणारं लाकूड मध्यात 400च्याही खाली येतं. शेंड्याकडे जावं तसं आणखी हलकं. म्हणून जुना माड बघा, बुंध्याकडचा भाग घ्या आणि त्यातलीही सालीलगतचीच फळी. मधलं सोडून द्या, जीव तुटला तरी. (गोव्यात 2016 साली माडाला कायद्यातल्या 'झाडा'तून वगळलं होतं, 2017 मध्ये परत घेतलं. लेथवाल्याला मात्र तो साग-शिसवीसारखं झाड समजून चालत नाही.)

धार दर पाच मिनिटांनी. बोथट छिन्नी दोरा कापत नाही, उपटते, आणि तिथे भोक राहतं. पॉलिश पेपरने ते बुजेल हे व्हिडिओवाल्यांचं सांगणं मला अजिबात पटत नाही. मऊ भाग झिजतो, दोरे उभेच राहतात. पातळ फेव्हिक्विक मुरवून, सुकू देऊन, मग शेवटचा हलका हात फिरवा. डोळे सांभाळा, वाफ झोंबते. मास्क हवाच. दोऱ्याची कूस हातात गेली तर सुईसारखी सलते.

पहिले दोन-तीन तुकडे जातीलच, घाबरू नका. माझा चौथा टिकला. त्याच्या दोन बाजूंना काळपट रेघा आहेत आणि उरलेल्या दोन बाजूंना, जिथे दोरे आडवे कापले गेलेत, तिथे तीळ पेरल्यासारखे ठिपके.