ग्रीक स्वातंत्र्यलढ्यावर तासाभराचे व्याख्यान कसे तयार करावे

इंदूरच्या मराठी श्रोत्यांपुढे हा विषय मांडायचा असेल, तर सुरुवात अथेन्सपासून न करता महिदपूरपासून करावी. डिसेंबर १८१७ मध्ये होळकरांचे सैन्य क्षिप्राकाठी हरले, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, ग्रीक लोक ऑटोमन (तुर्की) सुलतानाविरुद्ध उठले, एवढे सांगितले की काळ श्रोत्यांच्या लक्षात येतो. साम्य मात्र तिथेच सोडावे. पुढे ताणल्यास ते तुटते.

टिपणे काढताना तारखा आधी तपासाव्यात. ग्रीक त्या काळी ज्युलियन कालगणना पाळत आणि ती आजच्या गणनेपेक्षा बारा दिवस मागे होती. त्यामुळे राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जाणारा २५ मार्च हा नव्या गणनेने ६ एप्रिल ठरतो, तर ब्रिटन, फ्रान्स व रशियाच्या आरमारांनी ऑटोमन-इजिप्शियन आरमार बुडवले त्या नव्हारिनोच्या लढाईची २० ऑक्टोबर १८२७ ही प्रचलित तारीख नव्या गणनेचीच आहे. पहिल्या खेपेस मी दोन्ही गणना एकाच फळ्यावर मिसळल्या आणि एका निवृत्त शिक्षकांनी भर सभेत माझी चूक मोजून दाखवली. २५ मार्चला बिशप गेर्मानोस यांनी आगिया लाव्रा मठात उठावाचे निशाण उभारल्याची कथा आख्यायिका म्हणूनच सांगावी.

ओडेसात १८१४ मध्ये तीन व्यापाऱ्यांनी स्थापलेल्या 'फिलिकी एतेरिया' या, उठावाची तयारी करणाऱ्या गुप्त संघटनेला दोन मिनिटे पुरतात. वेळ राखून ठेवावा तो १८२३ नंतरच्या घडामोडींसाठी : ग्रीक गट आपसांतच लढले, सेनानी कोलोकोत्रोनिस स्वकीयांच्याच कैदेत पडले आणि १८२५ मध्ये इजिप्तचा इब्राहिम पाशा सुलतानाच्या बाजूने फौजेसह पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसच्या द्वीपकल्पात उतरला. पश्चिम ग्रीसमधील मेसोलोंगी गावाचा प्रसंग सावकाश सांगावा. ऑटोमन फौजांच्या वर्षभराच्या वेढ्यात अन्न संपल्यावर एप्रिल १८२६ मध्ये तिथल्या लोकांनी बायकामुलांसह रात्री वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, थोडेच वाचले. ग्रीकांच्या मदतीला गेलेले इंग्रज कवी बायरन याच गावी दोन वर्षे आधी तापाने वारले होते, रणांगणात नव्हे. हा गैरसमज आपल्याकडे फार आढळतो.

१८२२ मध्ये ऑटोमन सैन्याने खिओस बेटावर केलेली ग्रीकांची कत्तल सांगताना पेलोपोनीजमधील त्रिपोलित्सा शहर वगळू नये. तिथे १८२१ मध्ये ग्रीकांनी मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली होती.

शेवटी नकाशा लावावा. ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी १८३० मध्ये स्वातंत्र्य मान्य केले, पण १८३२ मध्ये सरहद्द आर्ता ते व्होलोस या रेषेवर ठरली. ती लाल पेन्सिलीने आखावी आणि क्रीट व थेसालोनिकी बाहेर राहिलेली दाखवावीत. प्रश्न तिथूनच सुरू होतात.